मिरचीच्या पोस्टरवरचं तिसरं नाव

माझ्या मुलीच्या मार्गदर्शक सरांनी माझ्या मुलीला फसवलं, आणि त्या कामाला सही माझी वापरली. हे आधी लिहून टाकते, कारण मागून सांगितलं की लोक म्हणतात, "ताई, काहीतरी गैरसमज झाला असेल." गैरसमज झालेला नाही. मला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. त्या एका वेळी लागला, तेवढंच.

लालबागला माझं मिरचीचं कांडप आहे. लग्नानंतर भोईवाड्यातल्या एका खोलीत मालवणी मसाल्याच्या पुड्या बांधायला लागले, तेव्हा कुटायला दुसऱ्याच्या दारात रांग लावायची. आज माझे स्वतःचे चार डंख आहेत. डंख म्हणजे विजेवर वर उचललं जाऊन लोखंडी उखळात आपटणारं जड मुसळ. चार मुसळं एकाच वेळी पडायला लागली की शेजारच्या दुकानातली काचेची बरणी हलते. हे कोणी मला आंदण दिलेलं नाही. डंख विकणाऱ्यापासून मिरचीच्या व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकाशी भांडून, घासाघीस करून मिळवलेलं आहे.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक बाई आपली मिरची टाकून निघून जात नाही. ती उखळासमोर स्टुलावर बसते, नाकाला पदर लावून शिंकते, डोळे पुसते, पण उठत नाही. आपली बेडगी काढून कोणी शिळी मिरची घातली तर? आपला मसाला मूठभर कमी भरला तर? नवीन बाई असेल तर आधी विचारते, "माझ्या आधी काय कुटलंत?" मला या बायकांचा राग येत नाही. त्यांच्या जागी मीही बसले आहे. माझा सगळा धंदा त्यांच्या संशयावर उभा आहे. समोर बसा, डोळ्यांनी बघा आणि डबा घेऊन जा.

म्हणूनच मला स्वतःचा राग जास्त येतो. चाळीस बायकांच्या नजरेखाली रोज काम करणारी मी, आणि एकदाच माल दुसऱ्याच्या हवाली करून स्टुलावरून उठले.

सुरुवात मुलीच्या एका प्रश्नाने झाली. ती परळच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, रसायनशास्त्र घेऊन. दिवाळी झाली की आमच्याकडे सुस्ती असते, खरा हंगाम होळीनंतर. ती अभ्यासाची वही घेऊन दुकानात बसायची. एक दिवस म्हणाली, "आई, तू डंख मधेच का थांबवतेस?"

"थांबवायचाच असतो."

"पण कधी थांबवायचा हे कसं ठरवतेस? घड्याळ तर बघत नाहीस."

मी विचारात पडले. मी उखळाच्या खालच्या अंगाला तळहात लावते. चटका बसायच्या जरा आधी डंख बंद करते, मिरची हलवते, थंड होऊ देते. तसं नाही केलं तर रंग विटतो आणि वास करपट येतो. पलीकडच्या गल्लीतल्या चक्कीवर मिरची दोन मिनिटांत बारीक होते, पण हाताला गरम लागते आणि महिन्याभरात तांबूस मातीसारखी दिसते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. चार वेळा माल बिघडवून शिकले होते.

ती म्हणाली, "हे मोजता येईल."

त्या वर्षी कॉलेजांची एक मोठी स्पर्धा होती, पदवीच्या मुलांच्या संशोधन प्रकल्पांची. अट अशी, की एका गटात तीन मुलं, एक विज्ञानाचं, एक इंजिनिअरिंगचं आणि एक शेतकीचं. प्रत्येक शाखेतून नाव एकच. निवडलेल्या गटातल्या तिघांना उन्हाळ्यात दोन महिने मुंबईतल्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. माझ्या मुलीला तेच हवं होतं. बक्षीस, कप, फोटो तिने कधी मागितले नाहीत. ती म्हणाली होती, "आई, तिथे एकदा आत जायला मिळालं ना, तर एम.एस्सी.ला मला कोणाच्या चिठ्ठीची गरज लागणार नाही." आमच्या घरात चिठ्ठी देणारं कोणी नाही. म्हणून ते दार तिच्यासाठी काय होतं हे मला नीट कळत होतं.

सर तिच्याच कॉलेजातले. मऊ बोलणारे, इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांनीच बाकीची दोघं जमवली. इंजिनिअरिंगचा मुलगा दादरचा. शेतकीची मुलगी घाटावरच्या कॉलेजातली. परळला तिचा मामा राहायचा, त्यामुळे तिचं येणं-जाणं होतं.

मी दोघांवरही संशय घेतला. ते इथे लपवत नाही.

शेतकीची मुलगी मिरचीची पोती घेऊन आली. प्रयोगाला एकाच शेतातली, एकाच तोडणीची मिरची लागणार होती, नाहीतर तुलना कसली. मी पोत्यात हात घातला, एक मिरची मोडली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "हा कोल्ड स्टोरेजचा गेल्या वर्षीचा माल आहे."

ती पोरगी सरळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काकू, कानाशी धरून हलवा की. बिया वाजत्यात का न्हाई? गेल्या सालच्या मिरचीच्या बिया अशा वाजतील व्हय?"

"बोलायला चांगली आहेस."

"मिरची बी चांगली हाय. ह्या हातानं तोडलीया, आठ दिस हात भगभगत हुते."

मी हलवून पाहिली. बिया वाजत होत्या. तरी मी दोन पोत्यांच्या तळाची मिरची काढून बघितली, कारण वरचा थर सगळेच चांगला ठेवतात. तळही तसाच होता. ती हसली आणि माझ्याच स्टुलावर बसून देठ खुडायला लागली.

पुढे पहिल्या दोन आठवड्यांची मोजणी फुकट गेली. एकच मिरची, अर्धी आमच्या डंखावर कुटायची, अर्धी चक्कीवर दळून आणायची, मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिचा रंग द्रावणात उतरवून यंत्राने मोजायचा. डंखाचा रंग जास्त यायला हवा होता. तो कमी यायचा, आणि रोज वेगवेगळा. माझा संशय पुन्हा त्या पोरीवर. मुलीला म्हणाले, "पोत्यांत भेसळ आहे, मी सांगत होते ना!"

दुसऱ्या दिवशी मुलगी गिऱ्हाईक बायकांसारखी उखळासमोर बसली आणि सबंध सकाळ माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "आई, ते धणे."

प्रत्येक गिऱ्हाइकाचा मसाला काढून झाला की मी मूठभर धणे उखळात टाकून डंख दोनदा पाडते. उखळाला चिकटलेली मिरची धण्यांना लागते आणि तेही तिच्याच डब्यात जातं. गिऱ्हाइकाचा कणही आपल्याकडे राहू नये, यासाठीची ही सवय. माझा हात ते आपोआप करतो, मला कळतही नाही. प्रयोगाच्या मिरचीतही मी रोज धणे घालत होते. रंग कसा जास्त येणार?

मला इतकी लाज वाटली, की मी उलट तिच्यावरच ओरडले, "मग आधी सांगायचं नाही?"

"मला तरी आज दिसलं, आई."

तिने ते वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट: 'उखळ पुसायला धणे वापरले जातात, आधीची सर्व मोजणी रद्द.' आणि खाली कंसात: 'आई रागावली आहे.' ते वाक्य मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. शेतकीच्या मुलीला मात्र फोन करून सांगितलं, की तुझी मिरची चांगली होती. ती म्हणाली, "मला ठावं हुतं काकू, तुम्हालाच नव्हतं."

इंजिनिअरिंगच्या मुलाचा मला वेगळाच संशय होता. तो सगळ्याचे फोटो काढायचा. डंखाचे, उखळाचे, पाटीचे, माझ्या हाताचे, वहीच्या पानांचे.

"एवढे फोटो कशाला रे?"

"काकी, रिपोर्टला लागतात."

"आणि उद्या हेच फोटो दाखवून तू कोणाला मशीन विकलंस तर?"

"काकी, मला घरात कोणी गॅस पेटवायला देत नाही, मी मशीन कुठे विकू?"

तो तापमान मोजायची तार मुसळाला लावायचा आणि ती दर वेळी तुटायची. चार तारा तुटल्यावर मी म्हणाले, "मुसळाला कशाला लावतोस? मी हात लावते तिथे लाव. उखळाच्या बाहेरून, खालच्या अंगाला." त्याने लोखंडी पट्टी आवळून तार तिथे बसवली. मग तार तुटली नाही. मुलगी एका हातात घड्याळ धरायची, दुसऱ्या हाताने आकडे लिहायची, आणि मला म्हणायची, "आता तू हात लाव आणि तुला वाटेल तेव्हा बंद कर." दर वेळी तारेचा आकडा जवळपास तोच निघायचा. माझ्या तळहाताची आणि तारेची खूण जुळली. त्या दिवशी ती इतकी खूश झाली, की चाळणी तिच्या हातून पडली आणि सगळं दुकान शिंकायला लागलं.

डंखाचा रंग चक्कीपेक्षा जास्त आला. पुन्हा पुन्हा आला. पण मुख्य गोष्ट डंख ही नव्हती, थांबणं ही होती. न थांबता कुटलं तर डंखही चक्कीसारखाच रंग घालवतो. थांबून कुटलं की रंग टिकतो. हे माझ्या मुलीने शोधलं. प्रश्न तिचा, वही तिची, धण्यांची चूक पकडली तिने. मी तिला एकच सांगितलं होतं, "वहीपाशी बसून राहा. वही कोणाच्या हातात द्यायची नाही." आमच्या धंद्यातली अक्कल मला तेवढीच येत होती. तिने वही सांभाळली. रोज पिशवीत घालून न्यायची आणि आणायची.

माल वहीतून गेलाच नाही. तो दुसऱ्याच दाराने गेला.

सर दुकानात आले ते प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी. मला पक्कं आठवतं, कारण त्यांच्या शर्टाच्या खिशाला कागदी झेंडा अजून टाचलेला होता आणि मी मनात म्हणाले, नीटनेटका माणूस आहे, पण झेंडा काढायला विसरला. त्यांनी चहा नको म्हटलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या जागेत प्रयोग झाला, तुमचा काही आक्षेप नाही, एवढं लिहून द्या. नियम आहे."

"आक्षेप आहे," मी म्हणाले. "दुकानाचं नाव कुठेही येता कामा नये."

याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका माणसाने आमच्या गल्लीतून मसाले नेऊन कुठेतरी तपासले होते. कोणाच्या मसाल्यात काय निघालं ते कोणालाच कळलं नाही, पण 'लालबागच्या मसाल्यात रंग' एवढं पसरलं, आणि त्या हंगामात आम्हा सगळ्यांची स्टुलं रिकामी राहिली. तपासणीचा कागद आणि दुकानाचं नाव एका ठिकाणी आलं की गिऱ्हाईक वाचत बसत नाही, पळतं. सरांना मी हे सांगितलं. हात हलवून, आवाज चढवून सांगितलं, जसं व्यापाऱ्याला सांगते.

मला वाटलं ते वाद घालतील. म्हणतील, ताई, प्रसिद्धी मिळेल. मी त्यावर उत्तरही तयार ठेवलं होतं. पण ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. लिहा, दुकानाचं नाव आणि पत्ता कुठेही छापू नये." मी लिहायला लागले. मग ते म्हणाले, "आडनावही घाला ना. पाटीवर तुमचं आडनावच आहे. अर्धं लिहून काय उपयोग?"

मी लिहिलं: 'दुकानाचं नाव, आमचं आडनाव वा पत्ता या प्रकल्पाच्या कोणत्याही कागदावर येऊ नये.' सही केली. तारीख घातली. मला वाटलं, सौदा मी जिंकला. सर गेल्यावर मुलीला म्हटलंसुद्धा, "तुझे सर सरळ आहेत, एका शब्दात ऐकलं."

एका शब्दात ऐकलं, हीच पहिली खूण होती. व्यापारी तुम्ही मागितल्यापेक्षा जास्त द्यायला लागला, की पोतं तळापर्यंत उलटून बघायचं. हे मी किती जणींना शिकवलं आहे. त्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण समोर माणूस पांढरपेशा होता, रुमाल स्वच्छ होता आणि माझ्या मुलीला मार्क देणारा होता.

स्पर्धेचा शेवटचा दिवस ठाकूरद्वारजवळच्या एका सभागृहात होता. होळी तोंडावर आलेली असताना डंख बंद ठेवून मी गेले, हे आमच्या गल्लीत कोणाला खरं वाटणार नाही. आत तीन रांगांत टेबलं होती. विज्ञानाचे, इंजिनिअरिंगचे, शेतीचे प्रकल्प. कोणी केळीच्या खोडाचा कागद केला होता, कोणी नाल्याच्या पाण्यात मासे जगवले होते, कोणाचा यंत्रमानव सारखा टेबलाला धडकत होता. आमचं टेबल खिडकीपाशी होतं. मोठं पोस्टर, त्यावर उखळाचा फोटो आणि फोटोत माझा हात. बांगडीवरून ओळखला.

माझी मुलगी टेबलामागे उभी होती. परीक्षकांना सांगत होती, कुठे तार लावली, कधी थांबायचं, रंग कसा मोजला. छान बोलत होती. मी पुढे सरकून पोस्टर वाचलं. वर नाव प्रकल्पाचं. खाली तीन मुलांची नावं. पहिलं इंजिनिअरिंगच्या मुलाचं. दुसरं शेतकीच्या मुलीचं. तिसरं एका मुलाचं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. खाली मार्गदर्शक म्हणून सर. आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात: 'नमुने व जागा: लालबागमधील एक मसाला कांडप केंद्र.'

मुलीच्या छातीवर पिवळी फीत होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'स्वयंसेवक.'

तो तिसरा मुलगा तिच्या शेजारी उभा होता. कोट, टाय. परीक्षक निघून गेल्यावर मी त्याला विचारलं, "बाळा, डंख किती वेळाने थांबवायचा?"

त्याने माझ्या मुलीकडे पाहिलं.

"तिला नको विचारू. मी तुला विचारतेय. तू मसाल्याचं दुकान बघितलंस का कधी?"

"काकू, मी... प्रेझेंटेशन केलं. पोस्टर डिझाइन केलं."

"आई," मुलगी दात आवळून म्हणाली, "इथे नको."

"इथे नको तर कुठे? तुला कधी कळलं हे?"

"चार दिवस झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

तिने माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. "काय सांगणार होते? सरांनी तुझं पत्र दाखवलं. सही तुझी आहे, आई."

शेतकीची मुलगी खाली बघून उभी होती. इंजिनिअरिंगचा मुलगा फोन काढून पुन्हा खिशात घालत होता. मी आवाज चढवला नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण मागून सरांनी कॉलेजात उलटं सांगितलं. मी फक्त सरांकडे गेले. ते चहाच्या टेबलापाशी होते.

"सर, माझ्या मुलीचं नाव कुठे आहे?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि काखेतल्या फाइलमधून माझ्या पत्राची झेरॉक्स काढून माझ्या हातात दिली. फाइल बरोबर घेऊनच आले होते. "ताई, हे अक्षर तुमचंच ना? आडनाव कोणत्याही कागदावर येऊ नये. मुलीचं नाव छापायचं तर आडनाव येणारच. मी तुमच्या इच्छेचा मान ठेवला."

"मी दुकानाचं म्हणाले होते."

"तसं लिहिलेलं नाही."

"एक फोन करता आला नसता?"

"वेळ नव्हता. विज्ञान शाखेचं नाव रिकामं ठेवलं असतं तर सगळा गट बाद झाला असता. मी दोघांचं तरी नुकसान वाचवलं."

त्यांचा आवाज इतका मऊ होता, की बाजूला उभ्या असलेल्या दोन प्राध्यापिका माझ्याकडे बघून हळहळल्या. माझ्याकडे! जणू मीच माझ्या मुलीचा गळा कापून आता रडायला आले होते. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. कागद माझा, सही माझी. मी मुलीला घेऊन निघाले. टॅक्सीत ती फितीची टाचणी काढत होती आणि टाचणी निघत नव्हती.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गट निवडला गेला. उन्हाळ्यात प्रयोगशाळेत जायची यादी लागली, तिच्यात तो तिसरा मुलगा. हंगाम सुरू झाला होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलगी रोज येऊन चाळणीवर बसायची. एकही वही बरोबर नाही. मी काही बोलायला गेले की म्हणायची, "आई, गिऱ्हाईक थांबलंय." एकदा मी म्हणाले, "सरांनीच मला आडनाव लिहायला सांगितलं होतं, देवाशपथ." ती म्हणाली, "तू कोणाचं ऐकतेस कधी? आणि नेमकं तेव्हा ऐकलंस?" मी डंख चालू केला.

मग एका दुपारी दादरचा मुलगा आला. ज्याच्या फोटोंचा मला एवढा संशय होता तो. बाहेर उभा राहिला, आत येईना.

"काय रे, काय पाहिजे?"

"काकी, ओरडणार नाही ना?"

"ते काय दाखवतोस त्यावर आहे."

त्याने फोन पुढे केला. फोटो होता, संगणकाच्या पडद्याचा. स्पर्धेचा नोंदणी अर्ज. सरांच्या खोलीत बसून त्याने तो भरून दिला होता आणि सवयीने पडद्याचा फोटो काढला होता. तीन नावं. तिसरं नाव तेच, कोटवाल्याचं. वर तारीख होती.

"सर म्हणाले होते, सध्या हे नाव घाल, नंतर बदलू. मी विचारलं नाही, काकी. विचारायला हवं होतं."

मी तारीख पुन्हा वाचली. चष्मा पुसून वाचली. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातली. आमच्या घरी तेव्हा तिळाचे लाडू वळायचे होते. मी पत्र लिहिलं ते प्रजासत्ताक दिनानंतर. म्हणजे ज्या दिवशी सर झेंडा लावून माझ्या दुकानात आले, त्या दिवशी माझ्या मुलीचं नाव त्या अर्जातून वगळून दोन आठवडे होऊन गेले होते. ते माझी परवानगी मागायला आले नव्हते. झालेल्या कामाला पांघरूण मागायला आले होते. आणि ते मी स्वतःच्या अक्षरात शिवून दिलं.

मी मुलीला हाक मारली. तिने फोटो बघितला, तारीख बघितली, आणि चाळणी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुझी सही नव्हती."

"सही माझीच होती. पण त्याआधीच सगळं झालं होतं."

"तेच म्हणतेय मी."

त्या दिवशी तिने स्पर्धेनंतर पहिल्यांदा माझ्या हातचा चहा घेतला. एवढंच. सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही, कारण झालेलं नाही. ते दोन महिने प्रयोगशाळेत दुसराच मुलगा राहून आला. तो वाईट आहे असंही मी म्हणत नाही. मे महिन्यात तो आमच्या दुकानात आला, स्टुलावर बसला आणि डंख बघत राहिला. जाताना माझ्या मुलीला म्हणाला, "तिथे मला विचारतात, मला सांगता येत नाही." तिने चाळणी पुढे ओढली.

त्याचं नाव का घातलं, याबद्दल मी बरंच ऐकलं आहे. कोणाचे वडील कुठे बसतात, कोण कोणाच्या ओळखीचं. ते मी इथे लिहीत नाही, कारण त्याचा कागद माझ्याकडे नाही. माझ्याकडे कागद दोनच आहेत, एक अर्जाचा फोटो आणि एक पत्राची झेरॉक्स. दोन्हींच्या तारखा वेगळ्या आहेत, आणि त्या तारखांमध्ये जे झालं ते एकाच माणसाला माहीत आहे.

कॉलेजात मी तीनदा गेले. ऑफिसातल्या बाईंनी तीनदा सांगितलं, "चौकशी चालू आहे." मी विचारलं, कोणाची? त्यांनी फाइल बंद केली. सर आता दुसऱ्या मुलांना घेऊन नवा प्रकल्प करत आहेत असं कळतं. मुलगी म्हणते, "आई, सोड ना आता." मी सोडत नाही. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचा एक कण राहिला तरी मी धणे टाकून तो तिच्या डब्यात घालते. माझ्या मुलीची वही, तिने चूक पकडली ती तारीख, तिने मोजलेला रंग, हे सगळं दुसऱ्याच्या डब्यात गेलं, आणि उखळ मात्र कोणी पुसलं नाही.

सर, माझ्या दुकानात या. हंगामात या, म्हणजे बायकांनी स्टुलं भरलेली असतील, सगळ्यांसमोर बोलता येईल. दुसरं काही विचारणार नाही, एवढंच विचारते: अर्ज संक्रांतीच्या आधीच भरला होता, तर प्रजासत्ताक दिनानंतर माझ्याकडून ते पत्र कशासाठी लिहून घेतलंत? उत्तर द्या. माझ्या मुलीला द्या, मी ऐकायला असेनच.